वऱ्हाडी संसारातील शिल्लक

वऱ्हाडचा शेतकरी मिळवितो पुष्कळ, पण राखीत काहीच नाही, हा आरोप निदान दीडशे वर्षांचा जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला पूर्वी कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. त्या दिवसांत कापूस पिकविणाऱ्या कुणब्यांनी नांगरांना चांदीचे फाळ बसविले, गाडीच्या चाकांवर चांदीच्या धावा चढविल्या, अशा कथा साहेबलोकांत मोठ्या चवीने सांगितल्या जात. चांदीच्या फाळाने वऱ्हाडची काळी जमीन नांगरावयास कोणी निघालाच असता, तर पहिल्याच तासाला तो फाळ वाकून हातात आला असता. ही साधी गोष्ट त्या कथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. परंतु कथा टिकली, आणि तिच्याबरोबर शेतकऱ्याच्या कपाळी लागलेला उधळेपणाचा शिक्काही टिकला.

या आरोपाची शहानिशा करावयाची तर यवतमाळ जिल्ह्यासारखा मुलूख शोधून सापडावयाचा नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके मिळून निराळा जिल्हा झाला व पुढे बरीच वर्षे तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ साली पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि यवतमाळ हे नाव कायम झाले. पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, मध्ये डोंगर, जंगल आणि त्यांच्या कुशीत कापसाची काळी जमीन. वस्तीही तशीच नाना प्रकारची : कुणबी, माळी, तेली, बंजारा, गोंड, कोलाम, परधान. या सर्वांनी पावसाच्या भरवशावर संसार केले आणि प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी मागे ठेवले. ते कोठे ठेवले व त्याचे पुढे काय झाले, हाच येथील विषय.

रुपया घरात क्वचितच दिसे, त्या काळी शिल्लक म्हणजे धान्य. गावातील उंचवट्यावर, जेथे पाणी मुरत नाही अशी जागा पाहून, पेव खणीत. पेवाचे तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि पोट रांजणासारखे विस्तीर्ण. आत जाळ करून भिंती कोरड्या करावयाच्या, तळाला व कडेने कडबा आणि कुटार यांचा थर द्यावयाचा, ज्वारी ओतावयाची आणि तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. अशा रीतीने ठेवलेली ज्वारी कित्येक वर्षे टिके. कडेचे दाणे काळवंडत, त्यांना एक प्रकारचा उग्र वास येई. पण मधला माल खाण्याजोगा राही. पेव उघडल्यावर मात्र ते बराच वेळ वाऱ्यावर मोकळे ठेवावे लागे. आत कोंडलेल्या दूषित हवेची पर्वा न करता घाईने उतरलेली माणसे गुदमरून मेल्याची उदाहरणे पेव असलेल्या मुलखात सर्वत्र सांगितली जातात. बचतीचा हा प्रकार असा प्राणाशी गाठ घालणारा होता.

पेव हे मोठ्या खातेदाराचे. सामान्य घरी असे ती कणगी. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या विणून तिचा सांगाडा करीत, त्यावर आतून-बाहेरून शेणमातीचा लेप देत आणि धान्यात कडुनिंबाचा पाला घालीत. डाळी राखेत घोळवून मडक्यांत ठेवीत. बियाण्याची ज्वारी निवडक कणसांची असे. ती कणसे चुलीच्या वरच्या बाजूस, धूर लागेल अशा ठिकाणी आढ्याला टांगीत, म्हणजे कीड लागत नसे आणि खाण्यासाठी त्यांना हात लावण्याचा मोहही होत नसे. घरात उपास पडला तरी बियाण्याला हात लावावयाचा नाही, हा दंडक होता. कारण बियाणे खाल्ले तर पुढच्या मृगात सावकाराच्या दारी जावे लागे आणि तेथे धान्याचे व्याज धान्यातच मोजावे लागे. सवाई किंवा दिढी, म्हणजे चार पायल्या नेल्या तर हंगामाला पाच परत, नाही तर सहा. आजचा मनुष्य बचत करतो ती व्याज मिळावे म्हणून. त्या गृहिणीने कणगी राखली ती व्याज द्यावे लागू नये म्हणून. हा भेद नीट ध्यानात घेतला नाही, तर जुन्या संसाराचा हिशेबच लागत नाही.

आणि हा सगळा कारभार बाईच्या हाती होता. आठवड्याचे दळण किती काढावयाचे, ज्वारीत कण्या किती मिसळावयाच्या, पाहुणा आला तर भाकरी कोणाच्या ताटातील कमी करावयाची, हे ती ठरवी. आणि बहुधा ती स्वतःच्याच ताटातील कमी करी. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, सरगुंडे यांची वाळवणे घालणे, अंबाडीचा पाला सुकविणे, पऱ्हाट्या तोडून पावसाळ्याचे सरपण रचणे, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणे, या कामांना कोणी बचत म्हणत नसे. केळापूर-वणीकडच्या गोंड व कोलाम घरांतून चैत्र-वैशाखात मोहफुले वेचून वाळवून ठेवीत. धान्य संपल्यानंतरच्या दिवसांत त्यांवर निभाव लागे. पीक निघाल्यावर शेतात राहिलेली कणसे व बोंडे वेचण्याचा, म्हणजे सरवा वेचण्याचा, हक्क गरीब बायकांचा समजला जाई. वेचणीची मजुरीही पूर्वी पुष्कळदा कापसातच मिळे. ती मजुरी, सरव्याचा कापूस, घरच्या गाई-म्हशीचे तूप, कोंबडीची अंडी यांचे जे चार पैसे येत, ते पदराच्या गाठीला बांधले जात. पुरुषाच्या हिशेबात ते धरले जात नसत व पुरुषाने ते विचारूही नयेत असा संकेत होता. अडीअडचणीला मात्र प्रथम हीच गाठ सुटे.

कापसाने ही घडी बदलली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. यवतमाळकडचा कापूस गाड्यांवर लादून धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला. जी गाडी कापूस नेई तीच ज्वारीही नेऊ शके. बाहेर भाव चढला की व्यापारी दाराशी येऊन रोकड मोजी. शिवाय सरकारचा सारा रोख रुपयांत, ठरलेल्या हप्त्यांना भरावा लागे. हळूहळू पेवे ओस पडू लागली, ज्वारीच्या वाट्याची जमीन कापसाने घेतली आणि ज्या घरात धान्य साठत होते त्या घरात वर्षातून एकदा रुपयांची रास येऊ लागली. आता प्रश्न असा पडला की, रुपया ठेवावा कोठे ?

शेतकऱ्याने तो चांदीत ठेवला. सरी, गोठ, वाक्या, तोडे, मुलांचे करदोडे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा तांड्यांवर तर बाईच्या अंगावरील चांदी हीच कुटुंबाची तिजोरी. बंजाऱ्यांचा बैलांच्या पाठीवरून धान्य-मिठाची वाहतूक करण्याचा पिढीजात धंदा गाडीरस्त्यांनी व आगगाडीने बुडविला होता. त्या धंद्यात मिळविलेले जे काही उरले ते या दागिन्यांच्या रूपाने. याला इंग्रज अधिकारी हौस म्हणत, भूषणप्रियता म्हणत. आपल्यातील शिकलेलेही पुढे तेच म्हणू लागले. वस्तुतः त्या काळी याहून शहाणपणाची दुसरी ठेव शेतकऱ्याला उपलब्धच नव्हती. दागिना अंगावर असल्यामुळे चोराला सहज नेता येत नसे. अडचण आली तर कोणत्याही बाजारात गहाण टाकता येई. एकेक नग मोडून गरजेपुरते पैसे करता येत. आणि तो बाईचा असल्यामुळे नवऱ्याच्या व्यसनापासून काही अंशी तरी सुरक्षित राही. मुख्य म्हणजे, मोडताना फारशी तूट येत नसे. रुपया हा तोळाभर वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा. कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत गेला, तर अल्प आकार घेऊन तिचे रुपये पाडून देण्यास सरकार बांधलेले होते. यवतमाळचा कुणबी टांकसाळीत जात नसे हे खरे. पण टांकसाळ उघडी होती म्हणूनच दिग्रसच्या बाजारातील सराफाला तोळ्याचा भाव रुपयाच्या फार खाली नेता येत नव्हता. घरातील गोठ हे एक प्रकारे वळवून ठेवलेले रुपयेच होते.

२६ जून १८९३ रोजी ही दारे बंद झाली. जगात चांदी स्वस्त होत चालली होती. तिच्याबरोबर रुपयाचा पौंडाशी असलेला भाव उतरत होता आणि विलायतेत दरवर्षी सोन्याच्या हिशेबाने रक्कम भरणाऱ्या हिंदुस्थान सरकारला त्यासाठी अधिकाधिक रुपये मोजावे लागत होते. यावर उपाय म्हणून लोकांच्या चांदीचे रुपये पाडणे सरकारने थांबविले. रुपयाची टंचाई करून त्याची किंमत वर चढविली व पुढे ती १६ पेन्सांवर आणून बसविली. सरकारचा हिशेब सुटला. परंतु रुपया व चांदी यांची जी गाठ होती ती तुटली आणि साध्या चांदीचा भाव रुपयाच्या मानाने घसरत गेला. १८९९ च्या सुमारास लंडनच्या बाजारात चांदीचा जो भाव होता, त्या हिशेबाने तोळाभर चांदीची किंमत अवघी दहा-अकरा आणे भरते. म्हणजे ज्या घराने वीस-पंचवीस वर्षांत ४० तोळे चांदी जमविली होती, त्या घरातील ४० रुपयांचे कोणाचाही हात न लागता पंचवीस-सत्तावीस रुपये झाले. त्यातून सराफाची घट, डाग, तूट निराळी. चोरी झाली नाही, आग लागली नाही, पेवात पाणी शिरले नाही. सिमल्याला एक कायदा झाला, एवढेच. दादाभाई नौरोजींनी या चलननीतीविरुद्ध १८९८ च्या चलन समितीपुढे आपले म्हणणे मांडले. रयतेच्या साठवणीवर घातलेला हा घाला त्या काळच्या राष्ट्रीय पक्षाच्या तक्रारींत वारंवार येतो; पण शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते.

आणि यानंतर लागलीच दुष्काळ आले. १८९६-९७ चा पहिला; त्यातून सावरते न सावरते तो १८९९-१९०० चा, पहिल्याहून भयंकर. पाऊस रुसला, ज्वारी गेली, कापूस गेला, वैरण नाही म्हणून गुरे गेली. पेवे बहुतेक रिकामी होती, कारण धान्याचे रुपये झाले होते; रुपयांची चांदी झाली होती; आणि ती चांदी विकावयास एकाच वेळी सारा मुलूख बाजारात उभा होता. वऱ्हाडचा शेतकरी उधळ्या नव्हता. त्याने राखले होते. त्याने जेथे राखले ती जागा त्याच्या पायाखालून काढून घेतली गेली.

याच सुमारास बचतीची दुसरी एक जागा तालुक्याच्या गावी उघडलेली होती, तिचाही विचार केला पाहिजे. १ एप्रिल १८८२ पासून देशात टपाल कचेऱ्यांतून बचत बँका सुरू झाल्या. चार आण्यांपासून रक्कम घेत व आरंभी शेकडा पावणेचार व्याज देत. योजना चांगली होती. पण खातेदार पाहिले तर ते बहुतेक पगारदार : कारकून, शिक्षक, पोलीस, नोकरचाकर. शेतकरी त्यात अगदी थोडा. कारण उघड आहे. पगारदाराला महिन्याच्या महिन्याला थोडे मिळते व त्यातील थोडे तो बाजूला टाकू शकतो. शेतकऱ्याचे सगळे उत्पन्न दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत येते आणि ते घरी येण्यापूर्वीच सारा, सावकार व दुकानदार यांचे हात पुढे झालेले असतात. शिवाय टपालकचेरी दूर, पुस्तकातील अक्षर वाचता येत नाही, आणि आपल्याजवळ किती आहे हे सरकारला का सांगावे, ही धास्ती. १९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटताच देशभर लोकांनी टपालातील ठेवी काढण्यासाठी गर्दी केली. तेव्हा ही धास्ती एकट्या अडाण्यांचीच नव्हती. पुढे १९१७ साली युद्धकर्जाच्या निमित्ताने टपालातून पाच वर्षांची कॅश सर्टिफिकिटे निघाली. सात रुपये बारा आणे भरले की मुदतीअंती दहा रुपये मिळत. मध्यमवर्गाने ती घेतली. खेड्यात त्यांचा फारसा बोलबाला झाला नाही.

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या तेव्हा आशा अशी होती की, शेतकरी आपली शिल्लक आपल्याच गावच्या संस्थेत ठेवतील व ती गावातच एकमेकांना उपयोगी पडेल. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका सद्गृहस्थाने हे करून दाखविले होते. वऱ्हाडात संस्था निघाल्या खऱ्या. परंतु ठेवी बहुतांशी शहरांतील वकील, अधिकारी व धनिक यांच्या आणि खेड्यातील सभासद तेवढा कर्ज घेणारा, असा उलटा प्रकार झाला. कापसाचे भाव बरे होते तोवर हे चालले. भाव कोसळताच कर्जे थकली, संस्थांनी जमिनी ताब्यात घेतल्या आणि सभासदाच्या दृष्टीने सोसायटी व सावकार यांत नावापुरताच फरक उरला. बचतीसाठी म्हणून काढलेल्या संस्थेची आठवण जप्तीच्या रूपाने राहिली, यासारखे दुर्दैव नाही.

१९२९ नंतरची जागतिक मंदी वऱ्हाडात कापसाच्या भावातूनच शिरली. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, सोन्याचा भाव एकदम वाढला आणि खेडोपाडी सराफांची दुकाने सोने विकणाऱ्यांनी भरून गेली. मंगळसूत्रातील मणी, पुतळ्यांची माळ, पाटल्या, जे असेल ते बाहेर निघाले व मुंबईमार्गे जहाजांतून परदेशी गेले. सरकारी पक्ष म्हणे, लोक नफा घेत आहेत. सारा भरण्यासाठी पाटल्या मोडणाऱ्या बाईला नफा हा शब्द कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या बँकिंग चौकशी समितीने १९२९-३० मध्ये कर्जाचा सविस्तर तपास केला होता. १९३३ साली या प्रांतात कर्जतडजोडीचा कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातील पहिलाच. कर्जाची तडजोड झाली. गेलेले सोने अर्थातच परत आले नाही.

याच काळात गाडगेबाबा वऱ्हाडातून हिंडत होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या पुरुषाने कीर्तनातून लोकांना जे सांगितले ते एखाद्या अर्थशास्त्र्याने सांगावे असे होते : कर्ज काढून सण करू नका, लग्नात गावजेवणे घालू नका, दारू सोडा, आणि मुलाच्या शाळेसाठी घरातील भांडी विकावी लागली तरी विका. लोक हसत, रडत आणि काही अंशी ऐकतही. पुढे तुकडोजी महाराजांनीही साध्या विवाहाचा पुरस्कार केला. लग्नखर्च हा खरोखरच मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्यातही एक हिशेब होता, तो टीकाकारांच्या नजरेतून सुटतो. आहेराची वही प्रत्येक घरी असे. कोणी किती दिले ते तीत लिहिलेले असे व त्याच्या घरच्या कार्यात तितके किंवा थोडे अधिक परत करणे भाग असे. दहा लग्नांत थोडे थोडे दिलेले आपल्या घरच्या एका लग्नात एकदम परत यावे, अशी ती जुनी भिशीच होती. फक्त तिला बँकेचे नाव नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात एक चमत्कारिक गोष्ट घडली. चांदी महाग झाली, सरकारने १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि जुने रुपये परत मागविले. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेला, म्हणजे राणीछाप रुपया, ३१ मार्च १९४१ नंतर व्यवहारातून बाद झाला. पुढील दोन वर्षांत एडवर्ड व जॉर्ज यांचे शुद्ध चांदीचे रुपयेही गेले. चुलीमागे किंवा गोठ्यात पुरलेल्या गाडग्यातील राणीछाप रुपये किती जणांनी तालुक्याच्या खजिन्यात नेऊन दिले, कोण जाणे. ज्यांनी नेले नाहीत त्यांचे काहीच बिघडले नाही. उलट तोलाने त्यांचे मोल पुढे वाढतच गेले. १८९३ साली सरकारने चांदी पाडून रुपया चढविला होता. पन्नास वर्षांच्या आतच चांदी पुढे गेली व रुपया मागे राहिला.

स्वातंत्र्यानंतर बचतीला सरकारी आश्रय मिळाला. अल्पबचतीची प्रमाणपत्रे आली, शाळांतून विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या संचयिका निघाल्या. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते ते याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. या योजनेत शेतकऱ्याच्या पैशातून भांडवल उभारणीचा निधी कापून घेतला जाई. सक्तीची बचतच ती. हेतू निर्मळ होता. पण चुकारा हप्त्यांनी मिळे, आणि हातात वेळेवर न आलेला पैसा शेतकऱ्याला पुन्हा खाजगी कर्जाकडे नेई. योजनेचे गुणदोष पुष्कळांनी मांडले आहेत. येथे एवढेच पाहावयाचे की, एका हाताने बचत आणि दुसऱ्या हाताने कर्ज, असे तिचे रूप घराघरांत दिसले.

तिकडे कणगी मात्र मुकाट्याने नाहीशी होत होती. संकरित बियाणे आले. १९९० नंतर सोयाबीन पसरले. २००२ पासून बीटी कापसाला परवानगी मिळाली. ज्वारी शेतातून गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गाय-म्हैस कमी झाली, आणि तिच्याबरोबर बाईचा दुधातुपाचा पैसाही गेला. बियाणे दरवर्षी दुकानातून विकत आणावयाचे झाले. आढ्याला टांगलेली कणसे ही त्या घराची पहिली आणि अखेरची ठेव होती. तिच्या जागी मृगाच्या तोंडाशी काढावयाचे कर्ज आले. या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशभर गाजू लागल्या आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, तेव्हा कारणांची चर्चा करताना लग्नखर्च, व्यसन, उधळेपणा हे शब्द पुन्हा काहींच्या तोंडी आलेच. चांदीच्या फाळाची कथा नवे कपडे घालून आली, एवढेच म्हणावयाचे.

या अंधारात बायकांचे बचत गट ही एक जमेची बाजू. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे हे काम खेड्यापाड्यांत नेले. दहा ते वीस बायका, महिन्याला वीस-पन्नास रुपये, एक वही, एक पेटी. मुलाचे दुखणे, शाळेची फी, खताची एक थैली, एवढ्यासाठी सावकाराकडे जाणे टळले. पदराची गाठ पूर्वी एकटीची होती ती आता दहा-वीस जणींची झाली, आणि बाईच्या सहीने बँकेचा व्यवहार होऊ लागला ही तर पूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. अलीकडे खाजगी वित्तसंस्था बायकांचे गट पाडून कर्ज वाटतात, आठवड्याच्या आठवड्याला वसुली करतात, आणि लोक त्यांनाही बचत गटच म्हणतात. ज्या गटात आधी बचत नाही आणि थेट कर्जच आहे, त्याला हे नाव देणे म्हणजे सवाई-दिढीला कणगी म्हणण्यासारखे आहे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतून, देवघराच्या फळीमागून, वाकळींच्या घड्यांतून घराघरांतील बायकांची लपविलेली शिल्लक उजेडात आली. नवऱ्याला ठाऊक नसलेले ते पैसे त्याच्याच हाती बँकेच्या रांगेत पाठवावे लागले. आणि त्यांतील सगळेच बाईच्या डब्यात परत आले असतील असे नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात ओवलेल्या जुन्या रुपयांकडे मात्र त्या वेळी कोणी पाहिले नाही. ते १९४१ सालीच रद्द झालेले होते, आणि दिग्रस-पुसदच्या बाजारात सराफ ते आजही तोलून घेतो.